पुस्तक छापून झालं, मग अडलं कुठं?

टाळ जरा मांडीवर ठेवा, मंडळी. मृदंगालाही दम खाऊ द्या, वामनबुवांचे हात भरून आलेत. आता ऐका. मला एक प्रश्न पडलाय, आणि तो आज मी तुमच्या गळ्यात बांधून जाणार आहे.

माणसाला एखादी गोष्ट करायची असते. मनापासून करायची असते. कुणी नको म्हणत नाही, कुणी आडवं येत नाही — तरी ती होत नाही! वर्षानुवर्षं होत नाही! मग मधे बसलंय कोण? हे एकदा वाकून बघायला नको का?

ते बघा, खांबाला टेकलेले आप्पा हसायला लागले. आप्पा, मागच्या सप्ताहात तुम्ही मला म्हणालात, बुवा, एक पुस्तक लिहायचं मनात आहे. त्याच्या आधीच्या सप्ताहातही हेच म्हणाला होतात. कुठवर आलं? काय म्हणता? चष्म्याचा नंबर बदललाय? बरं, बरं. आणि भावकीच्या ग्रुपवर बांधाच्या भांडणाचं एवढं लांबलचक लिहिता, ते कुठल्या नंबरच्या चष्म्यानं? हसू नका मंडळी, तुम्हीही त्याच ग्रुपवर आहात! सकाळी उठल्यापासून अंगठा चालू असतो. आणि विचारलं की म्हणायचं, बुवा, आम्हाला कुठलं आलंय लिहायला.

तर ऐका. गिरणेच्या काठी सोनारी नावाचं गाव. तिथं मी कीर्तनाला गेलो होतो आणि जेवण निकमांच्या घरी होतं. मी पडलो चौकस माणूस. ताटात काय वाढलंय यापेक्षा घरात काय चाललंय याकडं माझं लक्ष जास्त. मी खोदून खोदून विचारलं आणि त्या घरच्या माउलीनं सगळं सांगितलं. तिनं सांगितलं तसंच तुम्हाला सांगतो.

घरात तीन माणसं. सोपान निकम, त्याची बायको रत्नमाला आणि मुलगी प्रांजल. प्रांजल पाच वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला. तुम्ही म्हणाल, बुवा, साखर तर म्हातारपणी होते. गावही तेच म्हणालं! पण लहान लेकरांचा हा आजार निराळा असतो. त्यांच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही. ते सुईनं द्यावं लागतं. रोज. दिवसातून तीन-चार वेळा. लेकरू रडतंय, आई रडतीये, आणि सुई तर द्यायचीच आहे. काय होत असेल त्या आईच्या जिवाचं?

पण रत्नमाला शिकली. दवाखान्यात विचारून शिकली, चुकून शिकली. उन्हाळ्यात वीज गेली की औषध खराब होतं, म्हणून माठात माठ ठेवून मधे ओली वाळू भरायला शिकली. लग्नात पंगत उशिरा बसणार असेल तर सुई कधी द्यायची, शाळेतल्या बाईंना काय सांगून ठेवायचं, सगळं शिकली. आणि एक गोष्ट तर फार वाईट रीतीनं शिकली. एकदा प्रांजल आरडाओरडा करायला लागली, ताट फेकलं, अंगाला दरदरून घाम. रत्नमालेला वाटलं, पोरगी हट्टाला पेटली. तिनं एक ठेवून दिली. आणि पोर जागेवर बसली, थरथरायला लागली. दवाखान्यात कळलं, साखर फार खाली गेली होती. सुई दिली आणि पोर नीट जेवली नाही, तर असं होतं. त्या वेळी लेकराला साखरच द्यायची असते. हो, साखरेच्या आजाराच्या लेकराला साखर! ती चापट आठवली की त्या माउलीला आजही रडू येतं.

आता नदीच्या पलीकडं नांदूरखेड. तिथं योगिता नावाची एक तरुण सून. तिचा मुलगा श्लोक, सहा वर्षांचा. त्यालाही तेच निघालं. दवाखान्यातल्या डॉक्टर खैरनारांनी तिला रत्नमालेचा नंबर दिला. झालं, रोज फोन. ताई, आता काय करू? ताई, हे खाल्लं तर चालेल का? रत्नमाला सांगायची, पण योगिताच्या घरात खरी सत्ता सासूची. भागाबाई तिचं नाव. बाई वाईट नव्हती बरं का! नातू म्हणजे तिचा जीव की प्राण. पण तिच्या कानावर आलं होतं, अमक्या गावात एक जण पूड देतो, पूड घेतली की सुई कायमची सुटते. ती योगिताला म्हणायची, फोनवर कुणी काहीही सांगेल, कुठं लिहिलंय ते मला दाखव. आणि योगिताकडं दाखवायला काहीच नव्हतं. सुई थांबली तर लेकराचा जीव जाईल हे तिला माहीत होतं. पण सासूपुढं तिचं बोलणं तोकडं पडत होतं. ती रत्नमालेला म्हणाली, "ताई, तुम्ही मला जे सांगता ते सगळं लिहून द्या. छापलेलं असलं की त्या मानतील."

बघा हं! मागणारी आहे, देणारीकडं भरलेलं आहे. आता अडायला काय हवं? पण अडलं!

रत्नमाला म्हणाली, मी दहावी शिकलेली, माझं शुद्धलेखन कच्चं. डॉक्टर खैरनार हसले आणि त्यांनी स्वतःचं एक प्रिस्क्रिप्शन तिच्यापुढं धरलं. म्हणाले, हे वाचून दाखवा बघू. तुम्ही इथं बाकावर बसून बाकीच्या आयांना सांगता ना, तसंच लिहा, मी तपासून देतो. बरं, ते मिटलं. मग म्हणाली, वेळ कुठाय? दोन म्हशी, शेत, घर. तर प्रांजल, आता तेरा वर्षांची झालेली, तिनं मोबाईल आईच्या पदराला लावला. म्हणाली, तू नुसती बोल, हा लिहून घेतो. रत्नमाला धारा काढता काढता बोलायला लागली. मंडळी, पहिल्या पानावर काय उमटलं माहितेय? "लेकराला सुई देताना आधी हात धुवा, सरक मेले, पाय काढ बादलीतून." म्हैसही आली पुस्तकात! प्रांजलनं हसून हसून तेवढं पुसलं.

मग छापणार कोण? पुण्याचा प्रकाशक कशाला विचारतोय? तर तालुक्याला अशपाकभाईंचा लग्नपत्रिकांचा छापखाना. ते म्हणाले, "ताई, पुस्तक म्हणजे काय, जास्त पानांची पत्रिका. आधी थोड्या प्रती काढू, लागल्या की आणखी काढू." आणि पुस्तक अपुरं वाटतंय, अजून हे राहिलं, ते राहिलं, असं ती म्हणायला लागली तेव्हा खैरनारांनी तिला जरा दटावलंच. म्हणाले, आज जेवढं ठाऊक आहे तेवढं आज द्या. साखर खाली गेल्याचं पान मात्र त्यांनी दोनदा तपासलं. लेकरू शुद्धीत असेल तरच तोंडानं साखर द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा, हे स्वतः घातलं. महिन्याभरात पुस्तक तयार! चाळीस पानांचं, पिवळ्या कव्हराचं. "लेकराची साखर" असं नाव.

वाजवा टाळ! झालं ना? संपली गोष्ट?

नाही संपली. मी तुम्हाला विचारलं होतं, मधे बसलंय कोण. तो अजून उठलेला नाही! तो शिक्षणाच्या पाटावरून उठला, वेळेच्या पाटावर बसला. तिथून उठला आणि आता चांगला गादीवर बसला.

सोपानला बायकोचा फार अभिमान वाटला. का वाटू नये? तो म्हणाला, आपल्या घरात पुस्तक झालंय, प्रकाशन दणक्यात करायचं. मांडव, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, आणि हस्ते कुणाच्या? साहेबांच्या! साहेबांशिवाय आपल्याकडं नारळ तरी फुटतो का? मग गठ्ठ्यांना चकचकीत कागद लावला, वर रिबीन बांधली आणि धान्याच्या कोठीवर नीट रचून ठेवले. रत्नमाला म्हणाली, एक प्रत तेवढी योगिताला देऊ का? सोपान म्हणाला, "अगं, लग्न लागायच्या आधी कुणी पोरगी सासरी धाडतं का?" घरात सगळे हसले. तिलाही ते पटलं. खरं सांगू का, तिलाही मांडव हवा होता. दहावी शिकलेल्या बाईला एकदा स्टेजवर बसावंसं वाटलं, यात तिचं काय चुकलं? मला तर बाई त्या क्षणी फार आवडली.

साहेबांनी तारीख दिली. त्या दिवशी त्यांची सभा निघाली. दुसरी दिली, त्या दिवशी कुणाची मयत झाली. तिसऱ्या वेळी साहेब मुंबईला गेले ते गेलेच. योगिताचा फोन यायचा, ताई, पुस्तक झालं म्हणे? रत्नमाला म्हणायची, झालंय गं, तेवढं प्रकाशन राहिलंय. ती बिचारी भिडस्त, बरं म्हणायची आणि फोन ठेवायची. मंडळी, देवाला नैवेद्य दाखवल्यावर प्रसाद आपण वाटतो ना? की पाहुणे येईपर्यंत गाभाऱ्याला कुलूप लावतो? अनुभव हा देवानं दिलेला प्रसाद आहे. रडवून दिला असेल, पण दिलाय त्यानंच.

असा दीड महिना गेला. एके दिवशी दुपारी योगिताचा फोन आला. ती ढसाढसा रडत होती. सकाळची सुई दिली होती, श्लोक अर्धी भाकरी टाकून खेळायला पळाला होता. आता घरी आलाय, घामानं भिजलाय, हात कापतायत, गूळ मागतोय. आणि भागाबाईनं त्याच्या हातातला गूळ हिसकून घेतलाय! साखरेच्या पोराला गूळ म्हणजे विष, असं म्हणत ती गुळाचा डबा छातीशी धरून बसलीये. रत्नमाला फोनवर सांगायला लागली, दे गूळ, आत्ता दे. तेवढ्यात सासूनं फोन घेतला आणि म्हणाली, "कुठं लिहिलंय असं? कुठं लिहिलंय दाखव मला."

आणि फोन बंद झाला.

रत्नमालेनं वर कोठीकडं पाहिलं. लिहिलेलं तिथं होतं! छापलेलं, तपासलेलं, चकचकीत कागदात गुंडाळलेलं. ती स्टुलावर चढली. सोपान दारातून म्हणाला, अगं, साहेबांचा माणूस परवा येणार आहे. तिनं एक गठ्ठा खाली ओढला. गाठ सुटेना तेव्हा रिबीन दातानं तोडली.  मग सोपाननं मोटारसायकल काढली, ती मागं बसली आणि पुलावरून दोघं नांदूरखेडला पोचली.

आता तुमचा जीव टांगणीला लागलाय. सांगतो. लेकरू वाचलं होतं! योगितानं जन्मात पहिल्यांदा सासूचं ऐकलं नाही. शेजारणीच्या घरात धावत गेली, मूठभर साखर आणली, पाण्यात कालवली आणि पोराला पाजली. रत्नमाला पोचली तेव्हा श्लोक भिंतीला टेकून बसला होता, चेहऱ्यावर रंग परत आला होता. पण घरात सुतक असल्यासारखं होतं. भागाबाई कोपऱ्यात रडत होती. सुनेनं माझ्या नातवाला विष घातलं, उद्याच्या उद्या मी त्याला पूडवाल्याकडं नेणार, आजपासून सुई बंद, असं तिनं सांगून टाकलं होतं. श्लोक आज वाचला होता, पण उद्याचं काय?

रत्नमाला भांडली नाही. तिनं भागाबाईपुढं बसून पुस्तक तिच्या हातात दिलं. बाईला वाचता येत नव्हतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, कव्हरावरून हात फिरवला आणि सुनेकडं दिलं. वाच, म्हणाली.

रत्नमालेनं योगिताला साखर खाली गेल्याचं पान काढून दिलं. ती वाचायला लागली. लेकराला घाम येतो, हात कापतात, ते चिडतं, गोड मागतं. तो हट्ट नसतो. त्याची साखर खाली गेलेली असते. तेव्हा आधी साखर द्या, मग बाकी सगळं. आणि खाली रत्नमालेनं लिहिलं होतं, मला हे माहीत नव्हतं, म्हणून मी माझ्या पोरीला त्या वेळी मारलं.

भागाबाई ऐकता ऐकता रडायची थांबली. तिनं ते पान परत एकदा वाचायला लावलं. मग रत्नमालेला विचारलं, "तू मारलंस?"

"मारलं, मावशी."

म्हातारीनं श्लोकला जवळ ओढलं आणि त्याचा हात, ज्यातून तिनं गूळ काढून घेतला होता तो हात, धरून बसली. म्हणाली, सुई चालू राहू दे. मग पुस्तकाकडं बोट करून विचारलं, "कवा छापलं गं हे?"

"दीड महिना झाला."

"मग इतके दिवस हुतं कुठं?"

मंडळी, तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि रत्नमाला मला म्हणाली, बुवा, शुद्धलेखन येत नाही हे सांगायला मला कधी लाज वाटली नव्हती. वेळ नाही हेही सांगितलं असतं. पण त्या बाईला मी कसं सांगू, की साहेबांची तारीख मिळत नव्हती? ती तिथं मान खाली घालून बसली आणि रडली.

दुसऱ्या दिवशी सोपाननं स्वतः सगळे गठ्ठे दवाखान्यात नेले आणि बाकावर बसलेल्या आयांना वाटले. मांडव पडला नाही, फ्लेक्स लागला नाही. अशपाकभाईंकडं आणखी प्रती छापायला टाकाव्या लागल्या.

आता माझी गोष्ट संपली, तुमची सुरू. तुम्ही कुणी विहिरी खणल्या असतील, कुणी मोडलेला संसार पुन्हा उभा केला असेल, कुणी दारू सोडली असेल, आणि ते कसं जमलं हे फक्त तुम्हालाच ठाऊक असेल. त्याची गरज असलेला माणूस आज या गावात आहे. कदाचित याच मांडवात बसलाय, तुमच्या शेजारी! तुम्ही त्याला ओळखतही नाही. उद्या उशिरानं का होईना, तुमचं लिहिलेलं त्याच्या हातात पडेल. तो वाचेल, आणि तुमच्याकडं बघून साध्या आवाजात विचारील, इतके दिवस हे कुठं होतं?

आप्पा, तुम्ही त्याला काय सांगाल?

उत्तर मला नको. घरी जाताना त्या देवाला सांगा, त्याच्यापुढं सबब चालत नाही. उचला टाळ, आणि त्याचं नाव घ्या.