पितळी इंजिनाला आणखी काय लावता येतं

— नाही हो, खोक्यात आलेलं सगळं लागलंय, मी तेच तर सांगतेय. तो जोडणीचा कागद पुन्हा उघडू नका, कागद मला पाठ आहे. मी विचारतेय ते निराळं — खोक्यात नसलेलं आणखी काय लावता येतं? एखादी नळी, एखादं बूच, काहीही. थांबा, मी इंजिनच आणलंय, टॉवेलात गुंडाळून, जरा त्या बाटल्या बाजूला सरकवा. हं. धरा, पण धुराड्याला नका धरू, खालून धरा, तान्ह्या बाळाच्या मानेखाली हात देतो तसं. जड आहे ना? सगळं पितळ. प्लास्टिकचं नखभरही नाही त्यात.

सुंदर झालंय, ते मलाही दिसतं, भाऊ. सुंदर झालंय म्हणून काय करू मी? ते सुंदर झालं तिथंच तर सगळं अडलं — जाऊ दे. तुम्ही बघा जरा नीट, तुमचा डोळा तयार आहे. कुठं काही राहिलंय का? काही तरी राहिलं असेलच की. खऱ्या इंजिनाला हजार भानगडी असतात, हे नेहमी म्हणायचे.

तुम्हीच दिलं होतंत हे खोकं त्यांना. आठवत नसतील? उंच, जरा पुढं वाकलेले, बोलायला लागले की शेजारच्या दुकानात ऐकू जायचं — आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं, कान तिथंच ठेवून आले, त्यामुळे आपण हळू बोललो तरी जग ऐकत नाही असं त्यांना वाटायचं. हां, तेच. निवृत्त झाले आणि घरी न येता आधी तुमच्याकडे आले. मी म्हटलं, इतकी वर्षं खरं चालवलंत, आता खोटं कशाला? म्हणाले, "खरं चालवताना बघायला सवड कुणाला होती?"

तर त्यांनी बॉयलर जोडला, चाकं बसवली, आणि एके दिवशी सकाळी चहाचा कप तोंडाशी नेता नेता तो कप तसाच मांडीवर आला. उजवं अंग गेलं. बोलणं गेलं. आता अंथरुणावरच असतात. डॉक्टर म्हणाले ऐकू येतंय, कळतंय सगळं, फक्त मनानं उभारी धरली पाहिजे. मनानं उभारी धरली पाहिजे, असं सांगून निघून गेले — जशी काही ती औषधाच्या दुकानात मिळते. हे भिंतीकडे तोंड करून पडायचे. माझ्या नणंदबाई, वन्सं, आमच्याकडेच असतात, त्या म्हणाल्या, "ते टेबलावरचं भंगार उचल आधी, बघून त्याचा जीव आणखी तुटेल." भंगार म्हणाल्या. मला राग आला. तुम्हाला वाटेल प्रेमानं केलं, तर नाही, रागानं सुरू केलं मी. म्हटलं उचलत नाही, मीच पुरं करते.

मला काय येत होतं? काही नाही. पितळेची भांडी घासायची एवढाच पितळेशी संबंध. कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जाऊन बसले, डाख कसा देतात ते बघून आले, आणि बॉयलरच्या कडेनं जाते ना ती धरायची दांडी — ही, ही, इथली — ती लावली. केसाएवढ्या तारेची ती दांडी, माझ्या हातून अशी लागली की दारुडा घरी निघालाय. आणि पलंगावरून आवाज आला. "अं." एवढाच. आजारपणानंतरचा पहिला आवाज, भाऊ, आणि तोही नापसंतीचा. इतकी वर्षं ह्यांची नापसंती ऐकत संसार केला, पण इतकी गोड कधी लागली नव्हती. मान वळवून बघत होते. मी ती दांडी काढली, पुन्हा लावली, पुन्हा "अं", पुन्हा काढली. चौथ्यांदा की पाचव्यांदा त्यांनी डोळे मिटले. आमचं तसं ठरून गेलं मग, कुणी ठरवलं नाही — डोळे मिटले की हो, डाव्या हाताचं बोट उचललं की नाही. आणि त्या संध्याकाळी वाटीभर भात खाल्ला. सगळी वाटी.

मग काय, मला वाटच सापडली. टेबल पलंगाला लावलं. रोज एक काही तरी लावायचं, आणि रोज जेवायचं. एक नळी, एक वाटी. ही बुचं बघा, बॉयलर धुवायची, एकेक तिळाएवढं आहे, चिमट्यातून उडालं तर घरभर गुडघ्यांवर शोधायचं, वन्संसुद्धा भिंग घेऊन शोधायच्या, तोंडानं बडबडत. आणि सगळ्यात वाईट काय माहितेय? एकाला डाख द्यायला जावं तर शेजारचं सुटतं. उष्णता पोचते ना. मग शेजारच्यावर ओला कापूस ठेवायचा, श्वास धरायचा. एकदा मी पंपाची नळी जाड लावली, नाकापेक्षा मोती जड असं झालं, तर हे हसले. अर्धंच तोंड हसतं आता, पण हसले.

खोक्यातलं संपलं तरी आमचं संपलं नाही. कारण खोक्यातलं इंजिन कुणाचंही होतं, ह्यांना स्वतःचं पाहिजे होतं. ह्यांच्या इंजिनाचा एक फोटो आहे, तो समोर टांगला, आणि बोटानं दाखवायचे. चाकांपुढं ह्या वाळूच्या नळ्या — रूळ ओला असला की चाक घसरतं, मग वाळू सोडतात — त्या मी तांब्याच्या तारेतून केल्या. शिडीची खालची पायरी वाकडी होती, ती वाकडी केली. केबिनमध्ये, आत डोकावून बघा, उजवीकडे एक आकडा दिसतो? तो कुठल्याच नकाशात नाही. ह्यांच्या फायरमननं चहाचा डबा टांगायला लावला होता. तो सांगायला ह्यांना अख्खी दुपार लागली. मी विचारायची, नळी? बोट वर. खिळा? बोट वर. दिवा? बोट वर. शेवटी घोट घेतल्यासारखं करून दाखवलं अर्ध्या तोंडानं, आणि मी रडले आणि हसले आणि वन्सं धावत आल्या, काय झालं म्हणून.

ते दिवस चांगले होते. ऐकायला कसं वाटेल, पण चांगले होते.

मग एक दिवस बोट काही दाखवेना. मी विचारलं, इथं काही? बोट वर. इथं? बोट वर. पोळपाटासारखी एक फिरती फळी आहे आमच्याकडे, तिच्यावर ठेवून मी इंजिन सावकाश फिरवलं, सगळ्या बाजूंनी. त्यांनी बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि डोळे मिटले. झालं. पुरं झालं. मी केवढी खूश, वन्संना हाक मारली, शेजारणीला बोलावून दाखवलं. आणि संध्याकाळी चमचा तोंडाशी नेला तर ओठ मिटलेले. दुसऱ्या दिवशी तेच. तोंड पुन्हा भिंतीकडे.

तुम्ही असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही काय केलं असतंत? तुमच्या घरचं माणूस असतं तर? मी — हा पुढचा दिवा दिसतो ना, हा. दुपारी ह्यांचा डोळा लागला होता, तेव्हा मी डाख तापवला आणि हा दिवा काढला. आणि मग मोठ्यानं म्हटलं, "अगंबाई, दिवा पडला की हो, आता पुन्हा लावायला हवा." हे जागेच होते. डोळा लागलाच नव्हता. दिव्याकडे बघितलंच नाही त्यांनी, माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर धुक्यात सिग्नल ओळखणारा माणूस, त्याला बायकोचा चेहरा ओळखता येणार नाही? डाव्या हातानं माझी बोटं धरली. ही बघा, अशी भाजलीत सगळी, काही डाग जुने, काही नवे. एकेक बोट वळवून बघितलं. आणि त्या संध्याकाळी दोन चमचे खाल्ले. भूक म्हणून नाही, भाऊ. माझी दया आली म्हणून.

आणि मी लाज सोडली. दोन तर दोन. रोज काही तरी काढायला लागले. आज शिट्टी, उद्या पायरी, परवा झडप. काढायचं, हळहळायचं, लावायचं. त्यांना माहीत, मला माहीत, वन्संना माहीत, तिघंही नाटकात. पण पितळ किती सोसणार? ही जागा बघा, शिट्टीखालची, खरवडून पातळ झालीय. आता काढता येत नाही, म्हणून नवीन लावायला मागतेय मी. म्हणून आलेय. द्या ना काही तरी. तुमच्या त्या खणांमध्ये दुसऱ्या इंजिनांचे सुटे भाग असतील, न शोभणारे असले तरी चालतील, मी बसवीन, कानशीनं घासून बसवीन. चुकीचं लागलं तर उलट बरंच — ते "अं" करतील. मला तेवढं "अं" पाहिजे हो. मी काय मागतेय मोठं?

काय? रंग?

रंगाचं नाव काढू नका. नाही द्यायचा रंग. असंच छान दिसतं, पिवळंधमक. खरं इंजिन काळं असतं ते मला कुणी शिकवायला नको, मी इंजिनवाल्याची बायको आहे, त्यांच्या शर्टांचं काळं माझ्या हातांनी धुतलंय. रंग घरात आहे म्हटलं तर होता. होता म्हणजे — तुम्हीच दिली असेल ती डबी खोक्याबरोबर. टेबलाच्या खणात होती.

हो. दाखवतात. खणाकडे बोट करतात. मग काय झालं? बोट केलं म्हणजे मागतातच असं थोडंच आहे. मी चष्मा दिला. बोट वर. रुमाल दिला, कंगवा दिला, मुलीचा फोटो दिला. बोट वर, बोट वर. मी खणातलं सगळं बाहेर काढून दाखवलं, एक डबी सोडून. आणि परवा ती डबी कचऱ्याच्या गाडीत टाकून आले. वन्संनी बघितलं. एरवी चमचा वाजला तरी बोलतात, त्या नुसत्या दारात उभ्या राहिल्या.

तुम्हाला कळत नाही. रंगावर डाख बसत नाही. ह्यांनीच सांगितलं होतं, बोलत होते तेव्हा — "रंग दिला की हात काढून घ्यायचा, मग त्यात काही घालायचं नाही न् काढायचं नाही." कळलं ना आता? ते काय मागतायत ते कळलं? मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पहिल्यांदा बोट खणाकडे गेलं तेव्हाच. कंगवा कुणाला देत होते मी.

नाही, पाणी नको. तुम्ही घरी येऊन काय कराल? त्यांना समजवाल? त्यांना काय समजवायचंय, समजत नाहीये ते मला. बसा तुम्ही, उठू नका, मी ठीक आहे. काल रात्रीपासून त्यांनी पाणीसुद्धा ओठांवरच ठेवलंय. गिळत नाहीत. आणि रागावलेले नाहीत हो, तेच तर. रागावले असते तर मी भांडले असते. इतकी वर्षं भांडलेच की. पण ते बोट खणाकडे करतात आणि मग माझा हात थोपटतात, डाव्या हातानं, असं, लहान पोराला थोपटावं तसं. खण रिकामा आहे हे त्यांना कुणी सांगायचं?

…एक सांगा. रंग द्यायचा झाला, तर एकदमच द्यावा लागतो का? म्हणजे जाड एकच हात? की पातळ पातळ देतात? पातळच चांगला. बारकावे बुजत नाहीत ना, हां. आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही? पूर्ण वाळू द्यायचा? किती वेळ? आणि ढगाळ हवा असली तर आणखी जास्त. बरं. आणि असे किती हात चालतात — म्हणजे जास्तीत जास्त?

काळा द्या. नाही, तो चकचकीत नको, काजळीसारखा मंद असतो ना, तो. आणि पातळ करायचं औषध द्या, मोठी बाटली. ब्रश सगळ्यात बारीक जो असेल तो. त्याच्याहून बारीक नाही? मग तोच.

टॉवेल द्या इकडे. मी गुंडाळते. मला सवय आहे. नाही, आता काही बोलू नका, तुम्ही चांगले आहात, पण बोलू नका. निघते. वन्सं एकट्या आहेत.