टाकीतले हात

केळी ऱ्हाऊ द्या पिशवीतच, सर, घेणार न्हाय मी ती. बसा — आलाय तर पोरीच्या आईचं ऐकून जावा. माझ्या प्रेरणाला अख्ख्या चौथीसमोर ढोंगी म्हणालासा न्हवं? का, तर प्यायच्या पाण्याच्या टाकीत कोपरापातूर हात घालून बसली म्हणून. कवायतीला उनात उभी केलीसा, हातांची आग व्हायला लागली, पळत जाऊन पाण्यात घातलं — दुसरं काय करणार लेकरू? आणि शिक्षा कुठली दिलीसा, तर परत उनातच उभं ऱ्हा. मार्चच्या उनात. त्यापरास छडी बरी की. फोड न्हाय, डाग न्हाय, मग दुखतंय कुठलं — हेच म्हणालासा. संध्याकाळी हात सुजून आलं, माठाला कवटाळून बसलीती पोरगी.

आणि ठावं नव्हतं म्हणू नगा. जूनमध्ये मी सोता शाळेत आलतो. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगिटलेलं समदं सांगिटलं — आमचं मालक, प्रेरणाचं बा, चांदीकाम करत्यात, म्हणून त्यांनी तसंच समजावलतं — कोंदणात खडा बसवावा तसा रक्त करताना एका साच्यात लोखंडाचा कण बसवायला लागतोय, तवा कुठं रक्ताला लाली येती. बसवायचं काम एका एंझाइमचं, आणि ते हिच्यात जन्मापासनंच कमी. मग मोकळी कोंदणं साठत्यात, कातडीत उतरत्यात, वर ऊन पडलं की आतनं पेटत्यात. वरनं काय दिसणार? टॉनिकच्या बाटल्या पाजल्या आम्ही, काय उपयोग — लोखंड हाय की अंगात, बसवणारं कमी हाय. तर तुम्ही हसलासा. उसाच्या गावात उनाचं कसलं दुखणं म्हणालासा.

आता सावलीत बसवतो म्हणताय व्हय? नगं. मालक सोमवारी दाखला काढणार, मीच म्हटलं काढा. घरात शिकंल, न्हायतर न्हाय शिकंल. शिकंल कशी म्हणा — जेवतच न्हाय तर. न्हाय, आगीनं न्हाय, आग कवाच निवली. रोज एकच इचारतीया — आई, सर अजून रागावल्यात का? टाकी मी धुऊन देतो म्हणून सांग की त्यास्नी. माझ्या तळपायाची आग मस्तकात जातीया तुमच्या नावानं, आणि ही —

आत हाय ती. पडद्याआड, जागीच हाय. उठा. रागावलो न्हाय म्हणा तिला. तेवढं म्हणा आणि मागल्या दारानं जावा, माझ्यासमोर परत येऊ नगा.