खोट नसलेली गाडी

नाही अण्णा, आत नको, इथे ओट्यावरच बरं आहे, वारा तरी येतो — आणि त्यांना तुमची गाडी फिरवून परत यायला असा किती वेळ लागणार, वाळकेश्वरचा चढ चढायचा आणि वळून यायचं, बस. धनेश म्हणत होता की मरीन लाइन्सला सरळ एक फेरी मारू, पण त्याचे दौलतमामा म्हणाले, सरळ रस्त्यावर काय, हातगाडीही पळते, चढावर लावली की कळेल हिच्यात दम किती ते. मामांचं चूक नाही. पण खरं सांगू का — चढावर नाही कळत, उतारावर कळतं. मागे दोन टनांचं धूड अडकवलं ना, की चढताना गाडी ओढतेच, कुरकुरत का होईना. उतरताना ते मागचं धूड पुढच्याला ढकलायला लागतं. तेव्हा जी धरून ठेवेल ती गाडी. तुम्ही हसताय. मला साधी स्कूटी येत नाही चालवायला, पण हे सगळं माहीत आहे — नवऱ्याला ज्यात रस त्यात आपल्याला रस असावा म्हणतात ना, तसं सुरू झालं, आणि आता त्याच्यापेक्षा मलाच जास्त कळतं. हे त्याला सांगत नाही मी. तुम्हाला कसं सांगून टाकलं कोण जाणे. मी फार बोलत नाही एरवी.

धूड म्हणजे आमची कॅराव्हॅन. मागे जोडून न्यायचं घर. भायखळ्याला उभी आहे, मामांच्या शेडमध्ये, भाजी मार्केटच्या मागे. आता लालबागच्या चाळीतल्या माणसांना हे कसलं खूळ असं तुम्हाला वाटलं असेल — वाटू द्या, आमच्या सगळ्या मजल्यालाही वाटतं. पण त्याचं असं आहे, आमची खोली एक. खाली सासू-सासरे आणि श्रेया — श्रेया म्हणजे नणंद — आणि वर पोटमाळ्यावर आम्ही. पोटमाळ्यावर उठून बसता येत नाही, मान वाकडी करून बसावं लागतं. आणि कुजबुजलं तरी खालून सासरे खाकरतात. ते मुद्दाम नाही हो खाकरत, चांगले आहेत, त्यांना सवयच आहे — पण आपल्याला काय कळणार, मुद्दाम की सवयीनं. लग्न झालं तेव्हा शेजारच्या बकुळाकाकूंनी आपली खोली दिली होती आम्हाला, चार दिवस. तशी पद्धतच आहे आमच्या चाळीत, नवं जोडपं आलं की कुणीतरी आपली खोली रिकामी करून देतं आणि स्वतः त्यांच्या घरी जाऊन झोपतं. काकूंनी उशांचे नवे अभ्रेसुद्धा घातले होते. पाचव्या दिवशी आम्ही पोटमाळ्यावर आलो, आणि तेव्हापासून आमचं बोलणं म्हणजे, डबा भरला का, हो, आणि लाइट बंद कर.

मग धनेशच्या डोक्यात हे आलं. म्हणाला, मुंबईत दार असलेली खोली आपल्याला या जन्मी परवडणार नाही, पण चाकांवरची परवडेल. दोघांपुरती. शनिवार-रविवार कुठेतरी नेऊन उभी करायची, अलिबागला म्हणा, वाईला म्हणा. मला वहीच्या पानावर काढून दाखवली त्यानं — हा पलंग, ही खिडकी, इथे छोटा गॅस, आणि हे दार. मी विचारलं, दाराला आतून कडी असेल ना? तर कितीतरी वेळ हसत होता. ते हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. घरात तो असा हसत नाही.

ते दोघांपुरतं होतं तोवर साध्या गाडीनंही ओढलं असतं बघा. पण बांधायला दिलं मामांकडे. मामांचा धंदा टेम्पोच्या बॉड्या बांधायचा, त्यांना हलकं काही बांधताच येत नाही. प्लायवूड लावा म्हटलं तर म्हणाले, प्लायवूडचं काय घर असतं, आणि कांद्याची पोती सोसेल असा पत्रा ठोकला चहूबाजूंनी, त्याला खालून अँगल. बरं, ते एक. मग सासूबाई बघायला गेल्या. म्हणाल्या, गावी जाताना हीच नेऊ, गणपतीला, शिमग्याला, एसटीचे हाल कशाला. आता शिमग्याला दोघं कशी जाणार, सगळीच जाणार. मग एकावर एक फळ्या आल्या झोपायच्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आत कमोड, मग पाण्याची टाकी मोठी. श्रेयाला एसी पाहिजे. सासऱ्यांनी तर कुणाला न विचारता दगडी देव्हारा सांगून ठेवला, कारण बिनदेवाचं घर नको. आणि परवा गेले तर आत रगडा — वाटायचा दगडी रगडा हो. मिक्सरला करंट मिळाला नाही तर, म्हणे. मी काही म्हटलं नाही. नवीन आहे मी. प्रत्येक वेळी मामा काट्यावर नेऊन वजन करतात आणि ते वाढलेलं असतं, आणि आम्ही बघत असलेली गाडी मग एका नंबरानं मोठी होते. आधी छोटी बघत होतो. आता फोर बाय फोरच पाहिजे, चारही चाकांनी ओढणारी, तीही स्वतः वजनदार, नाहीतर मागचं ओझं पुढच्याला हलवेल. शेपटीनं कुत्रा हलावा तसं.

चहा? नको, तुम्ही कशाला उठताय. बरं, अर्धा घेईन.

— साखर चालते हो, बरोबर झालाय. तुम्ही एकटेच असता का इथे? भिंतीवरच्या फोटोखाली नील लिहिलंय, तो तुमचा मुलगा का? मघाशी पाणी प्यायला आत आले तेव्हा पाहिला. नाही, असंच विचारलं. गाडी त्याच्यासाठी ठेवली होतीत ना, तो आला की सगळे मिळून कुठे जायचं म्हणून — मला अंदाज आला. फार कमी चाललेली आहे आणि सीटवरचं प्लॅस्टिक मागे अजून तसंच आहे. ज्या गाडीत माणसं बसतात त्या गाडीचं प्लॅस्टिक राहत नाही. माफ करा, मी उगाच बोलले.

तुमची गाडी चांगली आहे अण्णा. हीच पंचाईत झालीय. मी सगळं बघितलं. मामा बॉनेट उघडून बसले तेव्हा मी मागून वाकून बघितलं — हुक बंपरला लावलेला नाही, थेट चासीला, गाडीच्या सांगाड्यालाच बसवलाय. बंपरला असता तर मी लगेच नाही म्हटलं असतं. चौपाटीपासून इतकी जवळ असते तर खालून खारट गंज असेल अशी मला फार आशा होती, म्हणजे — भीती. किल्लीनं ठोकून पाहिलं सगळीकडे. खणखणीत. गंजलेला पत्रा बद्द वाजतो. तुमचा वाजला नाही. ओझं ओढायचा लो गिअर पडतो. तेल कुठे सुटलेलं नाही. टायर एकाच बाजूनं झिजलेले असतात, तेही नाहीत. काहीतरी असेलच ना? जुनी गाडी आहे, काहीच खोट नाही असं कसं होईल? आठवून बघा ना. कुठे आपटली होती? पुरात उभी होती एखाद्या जुलैत?

मला खोट कशाला हवी म्हणताय.

आता काय सांगू तुम्हाला. चेंबूरला जी बघितली, तिच्या गिअरबॉक्सखाली ओलं होतं. मी म्हटलं, तेल गळतंय. ते तेल नव्हतं, त्यांनी सकाळी गाडी धुतली होती. पनवेलच्या गाडीचा लो गिअर धनेशला पडेना. तो गाडी पूर्ण थांबवल्याशिवाय पडतच नाही, मला माहीत होतं. मी गप्प बसले. वसईची खरंच गंजलेली होती, तो दिवस फार सोपा गेला. दर रविवारी आम्ही अशी एक गाडी बघायला जातो, अण्णा. स्कूटरवर, दोघंच. गाडीबद्दल घरात कुणाला काही कळत नाही म्हणून कुणी बरोबर येत नाही. परत येताना कुठेतरी थांबतो, खातो, आणि तो बोलतो. पनवेलहून येताना त्यानं मला विचारलं, तुला कोथिंबीरवडी आवडते की अळूवडी. किती महिने झाले लग्नाला, आणि हे तेव्हा विचारलं. मी अळूवडी सांगितलं आणि मग कितीतरी वेळ देवरुखच्या आमच्या परसातल्या अळूबद्दल सांगत बसले, वेड्यासारखी, आणि तो ऐकत होता. म्हणाला, तुझा आवाज असा आहे होय. घरात ऐकूच येत नाही. — तर आता तुम्हीच सांगा, गाडी मिळाली की पुढच्या रविवारी काय बघायला जायचं? त्या धुडात आता आतून कडी लावून काय उपयोग. सगळेच आत.

म्हणून म्हणते — दुसरं कुणी गिऱ्हाईक असेल ना तुमच्याकडे? असेलच, एवढी चांगली गाडी. त्याला देऊन टाका. आम्हाला सांगा, अचानक ठरलं. धनेशला वाईट वाटेल थोडं, पण मग आम्ही खोपोलीची बघायला जाऊ, तिथे एक आहे म्हणत होता. खोपोली लांब आहे. येऊन जाऊन अख्खा दिवस जातो.

काय?

कुणाला दिली? टोकन म्हणजे — आमचंच? नाही, तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. आम्ही आजच आलोय, पहिल्यांदाच. बुधवारी तो ऑफिसला होता. हाफ डे टाकला असेल तर — मला सांगितलं असतं की. कोण बरोबर होतं? ठेंगण्याशा, चष्मा, हातात निळी कापडी पिशवी.

सासूबाई.

इथे आल्या होत्या? या ओट्यावर बसल्या? काय म्हणाल्या — पुढे बसून पाहिलं त्यांनी? हो, गुडघे. मागे चढायला जमत नाही त्यांना. आणि ती दांडी, पुढच्या दारापाशी धरायला लावलेली, नवी चकचकीत — ती त्यांनी सांगून लावून घेतली तुमच्याकडून? मघाशी बघितली मी. मला वाटलं, अण्णा किती हौशी, विकायच्या गाडीलाही नवी दांडी लावली.

कॅराव्हॅनमध्ये माणसं बसवून न्यायला परवानगी नसते ना, म्हणून मी मनात धरून चालले होते. झोपायला सगळे असेनात का, गाडी चालवताना तरी पुढे दोघंच. वाईपर्यंत, गावापर्यंत. तेवढं बोलणं होईल. मागे तिघं बसून झोपतील, सासरे तर गाडी सुरू झाली की झोपतातच — असं सगळं ठरवून ठेवलं होतं मी.

मग आज मला कशाला आणलं? पसंती विचारायला? मामा आले आज, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मामा कधी येत नाहीत. ते नुसते गाडी ताब्यात घ्यायच्या आधी एकदा बघायला आलेत. आणि मी खाली वाकून किल्ल्या ठोकतेय. तुम्ही बघत होतात, काही बोलला नाहीत. नाही, तुमची चूक नाही, तुम्हाला वाटलं मला माहीत असेल. बायकोला माहीत असणारच असं वाटतं माणसाला. माझ्या वेळीही असंच केलं होतं सासूबाईंनी. कांदेपोह्यांच्या आधी पंधरा दिवस एकट्याच देवरुखला येऊन गेल्या होत्या, बाबांच्या दुकानात खोबरं घ्यायला म्हणून. मीच वजन करून दिलं. मग रीतसर बघायला आले सगळे, आणि धनेशनं मला विचारलं, तुम्हाला काही विचारायचंय का. मी म्हटलं, नाही.

खोपोलीच्या गाडीची गोष्ट मग कशाला काढली त्यानं? कालच म्हणत होता. टोकन देऊन झालं होतं तरी. विसरला असेल. किंवा त्यालाही — जाऊ दे. तेवढ्यावर मी किती दिवस काढीन, मला माहीत आहे.

आवाज येतोय. वळणावर आलेत. डिझेलचा आवाज कळतो लगेच. अण्णा, तुम्ही मला बुधवारचं काही सांगितलेलं नाही. आणि मीही तुम्हाला काही बोललेले नाही. कपबशी द्या इकडे, मी ठेवते आत. राहू दे म्हणता? बरं.

— आलात? कशी चढली? हो का. मामा खूश दिसतायत. मला काय विचारतोस, मला काय कळतं त्यातलं. चांगली आहे. नाही, खरंच चांगली आहे, काही खोट नाही हिच्यात. घेऊन टाक. खोपोलीला आता कशाला जायचं. नाही रे, कुठे काय, डोळ्यात धूर गेला तुमच्या गाडीचा. मलाही एक फेरी म्हणतोस? पुढे नको, मामांना बसू दे पुढे, मी मागे बसते. अरे बसते ना मागे, बघू दे मागून कशी वाटते.

अण्णांशी? नाही. मी काय बोलणार. नुसती बसले होते.