राजाचा कोरा फुगा

अगं, चित्रांच्या गोष्टीत माणसांच्या तोंडाशी बोलण्याचे फुगे असतात ना, ते शाळेतल्या बाईंनी कोऱ्या कागदाने झाकले. म्हणाल्या, "आता पोरांनो, बोलणं तुम्ही लिहा." माझ्या नातीने, फिलूने, राजकन्येच्या फुग्यात लिहिलं, "बाबा, मी वाडीत येऊ?" राजाचा फुगा कोराच ठेवला. बाईंनी मला बोलावलं.

"आजी, हिचा राजा मुका कसा?"

फिलूच म्हणाली, "बाबा असेच असतात."

सून वारल्यापासून माझा लेक पोरीशी एक शब्द बोलला नव्हता. बाई म्हणाल्या, "हे त्याला दाखवा."

वाडीतल्या झाडांचं शिंपण आटोपून तो जेवायला बसला, तेव्हा मी ते चित्रांचं पुस्तक ताटाशी ठेवलं. फिलू समोरच बसलेली. त्याने ते पान पाहिलं, राजाच्या कोऱ्या फुग्यावर बोट ठेवलं.

"आय, हिला लिहिता येत नाही का?"

तेही मलाच विचारलं.