तीस चेहऱ्यांची रॅम

…नाही, पण तुम्हीच सांगा, वाढदिवसाच्या बॅनरवर माणसं किती असावीत? एक! ज्याचा वाढदिवस, तो. फार तर त्याची बायको. पण आमच्या शिरूर अनंतपाळात असं चालतच नाही, इथं वर अण्णा नाहीतर दादा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून अख्खी गल्ली, पांढरे शर्ट, काळे गॉगल, आणि त्यात एक जण कायम फोनवर बोलताना… कुणाशी बोलतो हा? दर बॅनरवर? ठेव की बाबा फोन! मी या बॅनरांच्या विरोधात आहे, उघड विरोधात, कॉलेजात असताना मी 'फ्लेक्समुक्त गाव' अशी मोहीम काढली होती, आणि ती लोकांना कळावी म्हणून चौकात तिचा… फ्लेक्स लावावा लागला. असो. आणि माझी सख्खी बहीण, शिल्पाताई, बसस्टँडसमोर दुकान टाकून हेच बॅनर डिझाइन करते. घर त्यावर चालतं, त्यामुळे मी गप्प असतो. म्हणजे, जेवताना.

तर ताईचा कॉम्प्युटर. जुना डेस्कटॉप, प्रामाणिक, पण बाराव्या चेहऱ्याला मान टाकतो. बारावा फोटो चढवला की पडदा गोठतो, ते चक्र फिरायला लागतं, ताई चहा पिऊन येते, शेजारच्या ज्योत्स्नाशी बोलून येते, चक्र फिरतंच आहे! आणि अशात आला धोंडप्पा अण्णांचा वाढदिवस. अण्णा म्हणजे आमच्या दूध संस्थेचे चेअरमन, त्यांनी ज्या दुकानात चहा घेतला त्या दुकानात गाव चहा घेतं. ते दुकानात येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "शिल्पा, तीस जणं हायत. माझा फोटो मोठा पायजे, आन् कुणी नाराज व्हाया नको. जमत नसंल तर सांग, लातूरहून करून आणतो." आता अण्णा लातूरला गेले की मागोमाग सगळी गिऱ्हाइकं लातूरला! ताईचा चेहराच पडला. मला म्हणाली, "दया, काय करायचं ते कर, पण हे मशीन पळव."

मी म्हटलं, नवीन घ्यायचं नाही. चालती वस्तू फेकून देणं हा गुन्हा आहे. फक्त रॅम वाढवू. घ्यायची काय होती हो? रॅम! अर्ध्या फुटपट्टीएवढी हिरवी पट्टी! ताईला समजावलं की हार्ड डिस्क म्हणजे घरातली कोठी, तिथं सामान पडून असतं, आणि रॅम म्हणजे बाहेरचा ओटा, जे काम चालू आहे ते ओट्यावर बसतं, ओटा मोठा तर माणसं जास्त. हे मी ताईला सांगितलं. फक्त ताईला! संध्याकाळपर्यंत गावात बातमी, दयानंद ओटा वाढवून राहिला! आणि शिवशंकरदादा, ज्याचा चेहरा मागच्या बॅनरवरून मशीनमुळं गळाला होता, तो घरी हजर. "दया, चार जीबी आणणार का आठ?" मी म्हटलं, बघू. "बघू कामून? आठच आण. आठमधी मी बसतो का?" अरे, ही रॅम आहे, काळीपिवळी जीप आहे का?

तरी मी नीट निवडायची ठरवली. विंडोज आधी बघितली, कारण ती जुन्या बत्तीस बिटची असली तर आठ लावा नाहीतर अठरा, चारच्या पुढं ती मोजतच नाही. ती नव्या पद्धतीची निघाली. मग म्हटलं, पट्टी कॉम्प्युटरच्या डब्यातच लावून बघावी, म्हणून अख्खा डबा उचलून एसटीत मांडीवर घेतला, तर कंडक्टर विचारतो, "मिक्सर हाय का?" मी म्हटलं, कॉम्प्युटर. "मग टीव्ही कुठाय त्याचा?" … लातूरला पहिला दुकानदार म्हणतो, "भाऊ, ही जुनी जात आता येत न्हाई, ही नवी घेऊन जावा." मी म्हटलं, हिची खाच वेगळ्या जागी असते, बसणार नाही. "बसती की! दाबून बसवा." दाबून! दुसऱ्यानं लॅपटॉपची काढून दिली, निम्म्या लांबीची, वर म्हणतो, "लहान हाय, पण जोरदार हाय." तिसऱ्यानं आठची एकच पट्टी दाखवली, ती लावली तर डब्यातल्या मदरबोर्डानं नुसता लांब भोंगा दिला, उचललीच नाही. मला घाई फार, डोकं लवकर तापतं, पण त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, मी शांत राहिलो. शेवटी एका ऑफिसच्या जुन्या मशीनमधून काढलेल्या, एकाच कंपनीच्या, चार-चारच्या दोन पट्ट्या मिळाल्या. मळ जावा म्हणून खोडरबरानं पुसल्या, बसवल्या, तिथंच चालू करून बघितलं. आठ! पूर्ण आठ! माझं काही चुकलं का? नाही!

दुकानात परत आलो, ताईनं फोटो चढवायला घेतले. बारावा… गेला. विसावा… गेला. तिसावा! ताई खुर्चीतून उठून उभी राहिली हो! अण्णा वर मोठे, खाली तीस जण, झकास. संपलं ना इथं? संपायला पाहिजे होतं. घ्यायची होती फक्त रॅम, घेतली!

पण शिवशंकरदादा आला. "आता ओटा मोठा झाला ना? मग मला चढव." ताईनं चढवलं. तर दादा बसला म्हणून त्याचा साडू आला. साडू बसला म्हणून साडूशी ज्याचं पटत नाही तो आला. लिंबाजीकाका आले, "मी काय परका हाय का रे?" सरजाबाई तर नातवाचा शाळेतला फोटो घेऊन आल्या, "बारीक हाय, कोपऱ्यात बसंल." आणि एकेक चेहरा चढला की वरचे अण्णा थोडे लहान होतात! ताईनं माउस सोडला. अण्णांना फोटो मोठा पाहिजे, आणि कुणी नाराजही व्हायला नको! मला म्हणाली, "दया, तुला एक कळतंय का? आजवर मी कुणालाच नाही म्हटलं नाही. मशीन म्हणायचं. मशीन उचलत नाही म्हटलं की माणूस हसत घरी जायचा. आता मी काय सांगू?"

तुम्हाला सांगतो, मी काय विकत आणलं होतं? गावातलं एकमेव सभ्य कारण काढून घेतलं होतं!

मग… हे मी तत्त्वात बसवून सांगू शकत नाही. ताईनं मागून चढलेले सगळे चेहरे उतरवून तीस चेहऱ्यांचं काम सेव्ह केलं. शिवशंकरदादासकट सगळ्यांना दुकानात बोलावलं, म्हणाली, तीसच्या वरचं सगळं मशीननं टाकलं, बघा, तुमच्यासमोर परत चढवते. एकतिसावा फोटो चढला, आणि मी, लोकांना खरं बोला म्हणून सांगणारा मी, टेबलाखाली पायाच्या अंगठ्यानं विजेच्या बोर्डाचं बटण… खट्! पडदा काळा. सगळे म्हणाले, "अर्रर्र!" ताईनं माझ्याकडं बघितलं. आता बोलायची पाळी माझी. मी म्हटलं, "रॅम चुकली. माझ्याकडूनच चुकली. तीसच्या वर उचलत नाही."

आणि काय सांगू, एकही माणूस नाराज नाही! उलट शिवशंकरदादानं माझ्या पाठीवर हात ठेवला, "लातूरवाल्यानं फसवलं रे तुला." सरजाबाई नातवाचा फोटो पदरात बांधत माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लेकरू हाय अजून." ज्या माणसानं खाच बघून, बिट बघून, डबा मांडीवर घेऊन अचूक, बिनचूक रॅम निवडली, त्याच्यावर गाव दया करून राहिलं होतं! चौकात बॅनर लागला, अण्णा मोठे, तीसही खूश. अण्णा मुद्दाम मला भेटायला आले. म्हणाले, "जाऊ दे रे दया. शिकल्यानं पारख येत न्हाई. पुढच्या खेपेला मला संगं घेऊन चल. देवणीच्या बाजारात आजवर माझा एक बैल चुकला न्हाई, तिथं रॅम काय चीज हाय? दात बघून घेऊ!"

आता रॅमला दात असतात हो, खालच्या कडेला, सोनेरी, एका ओळीत… पण हे अण्णांना सांगून मी काय मिळवणार होतो? मी म्हटलं, "हाव अण्णा. दोघं जाऊ."