शेवटची कळी कोरी

माहेर माहं चांदूर रेल्वेचं. माळ्याच्या घरची पोट्टी मी, बाप झेंडू आन शेवंती लावे, आन आमी चौघी बहिनी सकाळपासून ओट्यावर बसून हार ओवू, मंग गाडीच्या टायमाले बाप टोपलं घेऊन टेसनावर जाये. शाळा सातवीलोक झाली, पुढं काई झाली नाई, पन बोटाले सुई तवापासूनच लागली. आता तुमी आल्या पोरीच्या लग्नाच्या ब्लाउजासाठी, आन माहं बोलनं ऐकून वही काढून बसल्या, तं लिहा बाप्पा. काय सांगू तुमाले, माह्या आयुष्यात लिहासारखं काई नाई असं मीच म्हनत होती, पन मागच्या सालची ती अमरावतीची गोष्ट झाली आन आता ज्याले त्याले तेच सांगा लागते. मले बी सांगाले आवडते, खोटं काहून बोलू.

लग्न होऊन आली ते इथीच, अकोल्याच्या जुन्या शहरात, याच गल्लीत. आमचे हे जिनिंगमधी कामाले होते, कापसाच्या हंगामात घरी दिसत नव्हते. मी दिवसभर एकटी. मागच्या बोळात नसीम आपा राहे, तिच्या दारात लाकडी अड्डा मांडलेला, त्याच्यावर कापड ताननार आन चार बाया वाकून जरीचं काम करनार. मी पानी भराले जाये तं तिथीच उभी राहो, भांडं भरून वाहून जाये तरी मले समजे नाई. एक दिवस आपा म्हने, खडी क्या है, बैठ. बसली, ते बसलीच. सासूबाई पयल्यांदा कुरकुरल्या, पन आपानं त्याइच्यासाठी एक पिशवी भरून देल्ली, मोर काढलेली, मंग त्याच मले म्हनाले लागल्या का जा वो, टाइम झाला.

आता खाका म्हनजे काय ते सांगते, नाईतं पुढचं तुमाले समजनार नाई. बटर पेपरवर नक्षी काढाची, मंग त्या रेघेवरून सुईनं बारीक बारीक भोकं पाडत जाचं, जवळ जवळ, पन कागद फाटला नाई पाहिजे. तो कागद कापडावर ठेवाचा आन घासलेटमधी कालवलेली पांढरी पावडर बोळ्यानं त्याच्यावर घासाची. भोकातून पावडर खाली उतरते, कागद उचलला का कापडावर सारी नक्षी हजर. तोच खाका. एकदा टोचला का पन्नास साल चालते. आता घासलेट भेटत नाई तं आमी टर्पेंटाइन वापरतो, बाकी सारं तेच.

आन आपाचा एक नियम होता. वेल कोनतीबी असो, शेवटची कळी टोचाची पन भराची नाई. तिची नुसती रेघ ठेवाची, पोट कोरं. लग्नाचं कापड घ्याले नवरीची माय आली का तिच्या हाती सुई द्याची आन ती कळी तिनं भराची. कशीबी भरो, वाकडी भरो, एक टाका भरो. आपा म्हने, ये माँ का हक है, इसमें हाथ नहीं डालना. माह्यासमोर कितीक बाया त्या अड्ड्यापाशी बसून रडल्या असतीन, आन आपा तोंड दुसरीकडं करून पान लावत बसे.

मधुमालतीची वेल होती आपाच्या भितीवर. ती पाहून पाहून आमी दोघीनं एक खाका केला, आठ दिवस लागले, पानं तिची, कळ्या माह्या, आन एक पान तिनं मुद्दाम दुमडलेलं काढलं. लग्नाच्या ब्लाउजाले सारेजन तीच वेल मांगत. आपा गेली तवा तिच्या पोरीनं तो खाका माह्या हाती देल्ला, म्हने अम्मीने बोला था. मंग मी आपल्या घरी अड्डा मांडला. तीस साल झाले. पोट्ट्या शिकल्या माह्याजवळ, कोनी दर्यापूरले लग्न होऊन गेली, कोनी मूर्तिजापूरले, कोनी अमरावतीले, सगळ्या तेच काम करतात आन सगळ्या शेवटची कळी कोरी ठेवतात. खाके माह्या पेटीत, दोनशेच्या वर.

मंग आली माही सून, वैशाली. पोट्टी चांगली हाय, मेहनती हाय, माही खोड काढत नाई. तिनं कम्प्युटरवाली मशीन आनली. मी मशीनच्या इरुद्ध नाई बरं का, हे लिहून घ्या, लोकाइले वाटते म्हातारी जुन्या इचाराची हाय. माह्या मानेत गॅप हाय, डोळे अधू झाले, मशीन घंट्याभरात करते ते मले चार दिवस लागते. मले फक्त येकच गोष्ट पटून नव्हती राहिली. नक्षी मशीनमधी नाई. नक्षी कंपनीच्या सॉफ्टवेअरमधी, आन ते सॉफ्टवेअर बी घरात नाई, ते कुठी तरी वर. मी इचारलं वर म्हनजे कुठी, तं वैशाली म्हने आई, क्लाऊडमधी. मी म्हनलं मंग नेट गेलं तं? ती म्हने थोडा वेळ थांबाचं. मी म्हनलं आन कंपनी गेली तं? ती हासली. म्हने लाइफटाइम घेतलं हाय आई, जन्मभराचं. मी म्हनलं कोनाच्या जन्मभराचं, आपल्या का त्याइच्या?

पाहा न ताई, मी इळा इकत घेतला तं इळा माहा. दुकानदार घरी येऊन त्याची धार काढून नेत नाई. अन हे मोबाइलवालं सारं असं हाय का पैसे देऊन बी आपन भाड्यानंच. आमच्या ह्याइनं टीवी घेतला, साल झालं नाई का तो सोताच्याच मनानं बदलला, पयले बटन दाबलं का बातम्या लागत, आता जाहिराती दिसतात आन बातम्या शोधा लागतात. हे म्हनत, मी तं असा टीवी घेतलाच नव्हता. त्याइले मी म्हनलं, तुमी घेतलाच नाई, तुमाले बसवून देल्ला.

तं वैशालीनं बसून माहे सारे खाके एक एक करून फोटो काढून मशीनच्या सॉफ्टवेअरमधी चढवले. तीन महिने लागले पोरीले, मी तिच्या बाजूले बसून सांगत होती हे पान आधी, ते मंग. सारं झाल्यावर म्हने, आई, आता ही पेटी काढून टाकू, घासलेटचा वास मारते, जागा अडते. मी म्हनलं, हो बाई, देऊन टाक रद्दीत. आन दुपारी ती बाजारात गेली तवा मी पेटीतले खाके काढून गादीखाली पसरवले आन पेटीत जुने पेपर भरले. रद्दीवाला आला, पेपरासकट पेटी घेऊन गेला. साल दीड साल मी त्या खाक्याइवर झोपली. हे म्हनत, गादी काहून वाजते? मी म्हनो, जुनी झाली.

मागच्या साली लग्नसराईच्या तोंडावर वैशालीनं मशीन चालू केली तं पडद्यावर पाटी. जुनी लाइफटाइम योजना बंद झाली, आता दर महिन्याले पैसे भरा, नाईतं तुमचे डिझाइन उघडनार नाई. तुमचे. त्याइनंच लिहलं होतं तुमचे. फोन लावला तं मशीनच बोलते, एक दाबा, दोन दाबा. शेवटी एक पोट्टी बोलली, गोड बोलली, पन तिच्या हातात काई नव्हतं. बरं, भरू एखादा महिना म्हनून वैशालीनं त्याइची नवी योजना उघडून पाह्यली, तं त्याच्यात त्याइचं दुकान, डिझाइनचं, आन त्या दुकानात पयल्याच पानावर आपाची वेल. खाली कंपनीचं नाव. ज्याले पाहिजे त्यानं इकत घ्यावी.

वैशालीनं माहा हात धरून मले पडद्यापाशी नेलं. मी पाह्यलं, मधुमालतीची तीच वेल, तेच पान जे आपानं मुद्दाम दुमडलं होतं. मले वाटलं आपाच्या घरात कोनी चोर शिरला आन दार मीच उघडून देल्लं. वैशाली रडून राहिली, म्हने आई, मी पेटी बी रद्दीत देल्ली, आता आपल्याजवळ दाखवाले काईच नाई. मंग मी उठली आन गादी उलटली. पोरगी खाली बसली मटकन, एक घडी रडे, एक घडी हासे.

लग्नाची कामं अडली नाईत. मी आन वैशाली दोघी अड्ड्यावर बसलो, तिनं तवा पयल्यांदा हातानं काम केलं. पन ते नाव माह्या डोक्यातून जाईना. तेवढ्यात कळलं का अमरावतीले त्या कंपनीचं प्रदर्शन हाय, मंगल कार्यालयात, बायाइले बोलावलं हाय. मी म्हनलं चाल. एसटीनं गेलो, खाके मांडीवर, पिशवीत पावडर आन बोळा, वैशाली साऱ्या रस्त्यानं म्हने, आई, भांडू नका. मी म्हनलं मी भांडाले नाई चालली, छापाले चालली.

हॉल भरलेला. साऱ्या इकडच्याच बाया, शिलाईवाल्या, ब्युटी पार्लरवाल्या, आन त्याइच्यात माह्याच शिकवलेल्या पाच सहा दिसल्या, पाया पडल्या. स्टेजवर कोटवाला साहेब, भल्ला मोठा पडदा. एक एक डिझाइन दाखवून राहिला आन मंग ती वेल आली. साहेब म्हने, ही पारंपरिक वेल आमच्या डिझाइन टीमनं खास तयार केली हाय. मी उठली. म्हनलं साहेब, एक इचारू का? म्हने विचारा ना मावशी. मी म्हनलं, ही शेवटची कळी कोरी काहून हाय?

त्यानं पडद्याकडं पाह्यलं. म्हने, हो, तिथे थोडं भरायचं राहिलंय, छोटी चूक आहे, पुढच्या अपडेटमध्ये दुरुस्त करू.

आधी माही दर्यापूरची पोट्टी हासली, तिचं नाव संगीता. मंग मागून कोनी तरी, मंग सारा हॉल, इकडच्या बायाइले ती कळी कोनाची ते ठाऊक. साहेब बी हासाले लागला, त्याले वाटलं त्यानं काई गमतीचं सांगतलं. मी स्टेजवर गेली, त्याच्या टेबलावर काळं कापड अंथरलंच होतं, त्याच्यावर खाका ठेवला, बोळा फिरवला, कागद उचलला. कापडावर आपाची वेल, दुमडलेल्या पानासकट, कोऱ्या कळीसकट. वर पडद्यावर तीच. बायाइनं टाळ्या पिटल्या ताई, माह्यासाठी त्या दिवसालोक कोनी टाळ्या पिटल्या नव्हत्या. साहेब हळूच म्हने, मॅडम, तुम्ही अटी मान्य केल्या आहेत. मी म्हनलं, म्या मशीन चालू कराले मान्य म्हनलं होतं, माह्या आपाची वेल देऊन टाकाले नाई. संगीता मोबाइल धरून उभी होती, दुसऱ्या दिवशी सकाळलोक ते साऱ्या वऱ्हाडात गेलं.

मंग कंपनीवाले घरी आले, मशीन बोलनारी नाई, मानसं. वेल त्याइच्या दुकानातून काढली, आन माह्या साऱ्या नक्ष्या एका पेनड्राइवमधी भरून देल्ल्या, कोनत्याबी मशीनवर चालतीन अशा. जाता जाता म्हनत, मावशी, ही वेल आम्हाले इकत द्या, तुमचं नाव लावू. मी चहा पाजला आन त्याइनं सहीसाठी आनलेला कागद तसाच परत देल्ला. तो पेनड्राइव कुठी हाय माहीत हाय? गादीखाली. आन आता वैशाली नवी नक्षी आधी कागदावर टोचते, मंग मशीनले देते. मी सांगतलं नाई, सोताच कराले लागली. मागच्या महिन्यात तिनं पयला खाका आनून दाखवला, शेवटची कळी कोरी. आपा असती तं पान लावता लावता थांबली असती.

तं असं हाय. हे पाहा, बोलता बोलता तुमचं ब्लाउज वैशालीनं आनलं. ब्लाउज मशीनवरच भरलं, घंट्याभरात, दिसते का नाई छान? फक्त इथी पाहा, बाहीच्या शेवटी. ठेवा ती वही आता बाजूले. घ्या सुई. येत नाई कशी म्हनता, एक टाका तं येईन, वाकडा आला तं वाकडा. पोरगी सुखात राहीन तुमची. मी तिकडं पाहत नाई.