मोटर माझी, दिवा तुझा

अनिकेत : अक्का, भांडा नंतर, आधी भिंगातून बघा. सगळं काळं! एक तंतू दिसत नाही.

कीर्तना : मी कां पाहूं? आपल्या प्रयोगशाळेच्या राममूर्ती सारांनी काल पाहुण्यांपुढें तुजच उभें केलें की. "अनिकेतची मोटर!" ऐकलें मी.

अनिकेत : तंतू ढकलणारा प्रथिनाचा रेणू, ती मोटर तुमचीच हो. मी नुसता दिव्यानं तिला चालू-बंद करतो.

कीर्तना : नुसता म्हणे! माझी मोटर काचेवर तंतू ढकलत होती, तेव्हां तूं नाशकांत द्राक्षें खात होतास. आलास, निळा दिवा लावलास, झालास राजा! पोटांत दुखतें माझ्या. दुखणारच.

अनिकेत : तुमच्या तंजावरच्या मराठीत शिव्याही गोड लागतात. पण कालचे पाहुणे येतीलच आता. तंतू सरकवून रक्तातला रोग हुडकणारी आपली चिप बघायची आहे त्यांना. काही सरकलंच नाही तर ते पैसे थांबवतील, आपलं काम इथंच बंद!

कीर्तना : तंतूंची नळी काल कुठें ठेवलीस?

अनिकेत : बर्फात. चेन्नईच्या उकाड्यात बाहेर काय टिकतंय?

कीर्तना : मोटर बर्फांत ठेवावी. तंतू नव्हे. थंडीनें त्यांचे कण सुटे होतात, तंतू उरत नाहींत.

अनिकेत : वाट लागली! मला कुणी सांगितलंच नाही.

कीर्तना : मी पाहिलें. तूं नळी बर्फांत खोवलीस, मी दारांत होतें.

अनिकेत : आणि गप्प बसलात?

कीर्तना : बसलें. खुशींत घरीं गेलें. अम्मानें रसम वाढलें, मागून घेतलें. मग डोक्यांत आलें, पाहुणे दिव्यास कांहीं म्हणणार नाहींत. मोटर कुचकामी म्हणतील. अय्यो, माझ्या मोटरीस नांवें ठेवतील! पहाटेच्या बसनें आलें. त्या कोमट पाण्यांत बघ, ताजी नळी आहे.

अनिकेत : अक्का! पाया पडू का?

कीर्तना : पुरें रे. तुजसाठीं नाहीं केली. थेंब घाल काचेवर. दिवा मी लावणार.

अनिकेत : लावा.

(दोघं भिंगाशी वाकतात.)

कीर्तना : निघाले... पाहिलेंस? सगळे निघाले!

अनिकेत : काय पळतायत! सारांना सांगतो, आज अक्काच दाखवणार. करू बंद? पाहुण्यांसमोर पुन्हा लावू.

कीर्तना : थांब रे. ते येईपर्यंत माझ्यासाठींच पळूं देत.